एरंडेलाचे डाग

६ जुलै, रविवार

तेवढ्यात नळाला पाणी आलं, म्हणून पोह्यांखालचा गॅस बारीक करून मी मागच्या अंगणात पळाले. पिंप भरायला लावलं आणि परागची चड्डी घासायला घेतली. मल्लखांबाला एरंडेल चोळतात. ते पोरांच्या अंगाला लागतं आणि अंगाचं कपड्यांना. तो डाग साध्या साबणाला दाद देत नाही. विश्वास पायरीवर बसून गुळण्या करत होता. मध्येच थांबून म्हणाला, "सुमे, आधी कोमट पाण्यात सोडा टाकून भिजव. तू लगेच मारामारी करतेस कपड्यांशी." आवाज फाटलेला, अर्धा हवेतच विरणारा. आतून परागने विचारलं, "बाबा, तुमचा आवाज कुठे गेला?" विश्वास म्हणाला, "घसा बसलाय रे." मी वर म्हणाले, "गुळण्या नीट करत नाहीत तुझे बाबा." पोहे खाली लागले. तिघांनी तसेच खाल्ले.

एवढीच ती सकाळ, तीन वर्षांपूर्वीची. घशाच्या कॅन्सरचा रिपोर्ट कपाटात होता आणि पोराला सांगायचं नाही असं घरात ठरलेलं होतं. तो तेव्हा दहा वर्षांचा होता. त्या सकाळी काही घडलं नाही, म्हणूनच बहुतेक ती लक्षात राहिली.

आज आठवायचं कारण, पराग न्हाणीघरातून टॉवेल मागत होता. सुरुवात कोंबड्यासारखी आणि शेवट म्हशीसारखा. मला हसू आलं. म्हणाले, "घसा बसलाय तुझा. गुळण्या कर."

दार असं आपटलं की वरची कडी निखळली. टॉवेल घ्यायला हात बाहेर आला नाही. ओल्या अंगावरच कपडे घालून बाहेर आला आणि न जेवता खोलीत गेला. आता ती कडी मीच बसवायची. सरकारी क्वार्टर आहे, अर्ज केला तर पुढच्या दिवाळीला माणूस येईल.

लिहिल्याशिवाय माझा राग उतरत नाही. लिहूनही सगळा उतरत नाही.

९ जुलै, बुधवार

तेरा वर्षांच्या पोराला बनियन लागतात तरी किती? एकावर एक दोन घालतो, वर शाळेचा शर्ट. हवा अशी दमट की भिंतींना घाम फुटलाय. दोरीवर कपडे वाळत नाहीत, आणि याची रोज चार बनियन. विचारलं तर, "थंडी वाजते." जुलैमध्ये, भोपाळात!

दप्तर पाठीला लावायचं सोडून पोटाशी धरून चालतो. खांदे पुढे काढलेले, म्हाताऱ्यासारखे. "ताठ चाल," म्हटलं की आणखी वाकतो. मल्लखांबावर सरळ रेषेत उभा राहणारा हाच का तो मुलगा? उंची मात्र वाढतेय. पँट घोट्याच्या वर गेली आणि गालफडं आत गेली. खातो भरपूर, जातं कुठे कोण जाणे.

आज नवीन खूळ. गॅसचं सिलिंडर फोनवरून तोच बुक करतो. आज म्हणाला, "आई, बस इथे. तूच कर. मी बघतो."

"तू असताना मी कशाला?"

"मैं हमेशा रहूँगा क्या?"

किती उद्धट बोलणं! मग विजेचं बिल कसं भरायचं तेही दाखवलं, दोनदा. मी चुकले तर ओरडला नाही, हे नवल. शेवटी विचारतो, "आई, तुझी नोकरी पक्की आहे ना? म्हणजे तुला कुणी काढू शकत नाही ना?" विश्वासच्या जागेवर मला अनुकंपेवर घेतलं, हे त्याला ठाऊक आहे. मी म्हणाले, "पक्की आहे. पण म्हणून नवा मोबाइल मिळणार नाही."

त्याने फोन माझ्यापुढे सरकवला आणि उठला. माझा अंदाज बरोबर होता, मोबाइलच हवाय.

ऑफिसात वंदनाला सांगितलं. तिचं टेबल माझ्याशेजारी, तिला दोन मुलगे. म्हणाली, "सुमित्रा, लड़की का चक्कर है. मेरा बड़ा वाला भी ऐसे ही बाथरूम में घुसा रहता था." लड़की! याला शेजारच्या केतकीशी धड बोलता येत नाही.

१३ जुलै, रविवार

उदयभावजी आणि मंजूषा आले होते. विश्वास गेल्यापासून धाकटा दीर म्हणून ते महिन्यातून एकदा येऊन जातात. गोविंदपुऱ्यात त्यांचं फॅब्रिकेशनचं काम आहे, लोखंडाशी बोलतात तेवढं माणसांशी बोलत नाहीत. तरी मीच म्हणाले, "भावजी, परागशी बोला जरा. घरात पुरुष माणूस नाही. काही गोष्टी मी कशा सांगू?" हे बोलताना मला माझाच राग आला. सगळं मी सांगते, मग हेच का नाही? पण म्हणाले खरी.

भावजी त्याला मागच्या अंगणात घेऊन गेले. चहाला उकळी यायच्या आत परतसुद्धा आले.

"सांगितलं सगळं," भावजी म्हणाले.

"सगळं म्हणजे काय?"

"म्हणजे... सगळंच. की आता मोठा झालास. संगत चांगली ठेव. लाल मिरची कमी खा."

"मिरचीचा काय संबंध?"

"गरम पडते, वहिनी."

मंजूषा बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, "यांना स्वतःला कधी काही कळलं का, ते आधी विचारा. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, अजून मिरचीवरच आहेत."

भावजींनी त्याच्यासाठी दाढीचं सामान आणलं होतं. ओठावर चार केस, ते मोजायला चष्मा लागेल. परागने तो डबा पालीला धरावं तसा धरला आणि फळीवर ठेवला.

ते गेल्यावर विचारलं, "काय म्हणाले काका?"

"मिरची खाऊ नको म्हणाले."

"अजून?"

"म्हणाले, तू अगदी बाबांवर गेलायस. आवाजसुद्धा दादासारखाच व्हायला लागला."

मला बरं वाटलं ऐकून. "खरंच आहे ते," मी म्हणाले. पराग माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ की मी विचारलं, तोंडाला काही लागलंय का माझ्या? मग उठून गेला. कौतुकही सोसत नाही या वयात.

१५ जुलै, मंगळवार

पुन्हा गुळण्या. सकाळी, शाळेतून आल्यावर, जेवणानंतर. मीठ संपवलं. मीच सांगितलं होतं, म्हणून काही बोलता येत नाही.

१९ जुलै, शनिवार

मराठी मंडळाच्या वाचनालयात गेले. विश्वासने मला इथलं सभासद केलं, तेव्हा मी बारावी झालेली आणि दिवाळी अंकाच्या पुढे काही न वाचलेली. आता कपाटं पाठ आहेत. गुडघ्यांचं दुखणं असो की कायदा, मला जे कळलं ते इथे बसून कळलं. म्हणून वाटलं, हेही मिळेल.

मुलींचं कपाट गच्च. वयात येताना, आई-मुलीचा संवाद, मुलींचा आहार. मुलांसाठी? काहीही नाही. वाचनालय सांभाळणाऱ्या इंदुमतीबाईंना विचारलं.

"मुलांचं काय सांगायचं असतं त्यात?" त्या म्हणाल्या. "मुलं आपोआप मोठी होतात."

"आपोआप तर दुधी भोपळाही मोठा होतो, बाई. त्यालाही मांडव लागतो."

"तुमचं आपलं काहीतरीच, सुमित्राताई."

शोधून शोधून एक जुनाट पुस्तक काढून दिलं. उभ्यानेच चाळलं. ब्रह्मचर्य, थंड पाण्याने स्नान, सूर्यनमस्कार, आणि पुढे अशी भीती घातलेली की थेंबाथेंबाने आयुष्य कमी होतं. परत ठेवलं. कुणा पोराच्या हाती लागू नये म्हणून मागच्या रांगेत ठेवलं.

मग घरी फोनवर वाचलं. आवाज फुटतो, गळ्याचं हाड पुढे येतं, केस येतात, घामाला वास येतो, झोपेत कपडे खराब होतात आणि त्यात आजार काही नसतो. सगळं वाचून समजलं. हे तोंडाने कसं बोलायचं, तेवढं कुणी लिहिलेलं नाही.

जेवताना बोलायचं ठरवलं. वाढताना मनात वाक्यं जुळवली.

"पराग, तुझ्या वयात मुलांच्या अंगात काही बदल होतात."

"माहितीये. सायन्समध्ये चॅप्टर आहे."

"मग शिकवला का?"

"सर ने स्किप करवा दिया. म्हणाले घरी वाचा."

शाळेने घरावर ढकललं, घराने काकावर, काकाने मिरचीवर. मी पुढचं वाक्य आठवत होते तेवढ्यात त्यानेच विचारलं, "आई, बाबांना सुरुवातीपासूनच दुखायचं का? की नंतर?"

घास हातात राहिला माझा. त्या दिवसांबद्दल तो कधी विचारत नाही, आणि आजच कसा विचारतो?

"भाजी घे," मी म्हणाले. "गार होतेय."

माझं सगळं भाषण राहून गेलं. एवढी तयारी केली होती.

२२ जुलै, मंगळवार

एक बरं झालंय. हल्ली परागच्या कपड्यांना एरंडेल नसतं. मल्लखांबाची पिशवी घेऊन संध्याकाळी जातो आणि येतो, चड्डी तशीच स्वच्छ. एवढी वर्षं ओरडत होते, शेवटी कपडे सांभाळायला शिकला. सोड्याचा डबा किती दिवसांत उघडलेला नाही.

पण शर्टाच्या खिशात कागदाची पुडी सापडली. लवंगा आणि ज्येष्ठमधाची काडी. तोंडाचा वास मारायला असतात या गोष्टी.  विश्वासच्या खिशातही लवंगाच असायच्या, तंबाखूचा खर्रा खाऊन झाल्यावरच्या. ती पुडी मी पुन्हा खिशात ठेवली. नीट खात्री करून घेईन, मग बघते त्याच्याकडे. जे पाहायचं ते एकदा पाहिलंय मी या घरात. दुसऱ्यांदा पाहणार नाही.

२५ जुलै, शुक्रवार

आज सगळं क्रमाने लिहिते.

ऑफिसमध्ये असताना सुधाकर सरांचा फोन आला, परागचे मल्लखांबाचे सर. "ताई, पराग बरा आहे ना? जुलै लागल्यापासून आलेला नाही. जिल्ह्याची निवड आहे. त्याच्याइतकी पकड माझ्याकडे दुसऱ्या पोराची नाही, म्हणून विचारलं."

मी म्हणाले, "रोज येतो की तुमच्याकडे."

"नाही, ताई," सर म्हणाले. मी फोन ठेवला. कपडे का स्वच्छ असतात ते तिथे टेबलाशी बसल्या बसल्या कळलं मला. शाबासकी देत होते मी त्याला मनातल्या मनात!

घरी आले तेव्हा तो गुळण्या करत होता. पिशवी काढली, उलटी केली. चड्डी, टॉवेल, सगळं मी घडी घातलं होतं तसंच.

"कुठे जातोस रोज?"

त्याने गुळणी टाकली आणि तोंड पुसलं.

"कुठे जातोस? कुणाबरोबर खातोस? लवंगा कशाला लागतात तुला?"

"काय खातो?"

"गुटखा. खर्रा. जे काय असेल ते. तोंड उघड. उघड म्हणते ना!"

मी त्याचा जबडा धरला. एवढा उंच झालाय की हात वर करावा लागला. त्याने माझा हात झटकला आणि त्या फुटक्या आवाजात ओरडला, "नाही खात मी! एकदाही नाही खाल्लं! बाबांनी खाल्लं म्हणून त्यांना झालं. मी काहीच खाल्लं नाही, तरी मला झालं!"

"काय झालं?"

"तेच."

"तेच काय?"

त्याने शर्ट वर केला. मग एक बनियन. मग दुसरं. डाव्या बाजूला छातीवर बोट ठेवलं, आणि म्हणाला, "गाठ आहे. दुखते. खांब छातीला लागला की जीव जातो. आणि आवाज पण गेला. बाबांचा पण आधी घसाच बसला होता."

मी बघत राहिले. स्तनाग्राच्या खाली थोडं फुगलेलं. बोटाने चाचपलं तर सुपारीएवढं कडक. तो कळवळला.

"कधीपासून?"

"परीक्षा झाल्यापासून."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तू परत तशी झाली असतीस." मग म्हणाला, "मी गेलो होतो. बाबांना न्यायचो तिथे. बसने. पर्चीवाले अंकल म्हणाले, किसी बड़े को लेके आ. म्हणून बाकावर बसून यायचो."

रोज संध्याकाळी माझं पोर कॅन्सरच्या दवाखान्यात बाकावर बसून यायचं, आणि मी सोडा वाचला म्हणून खूश होते.

पुढचं लिहवत नाही. त्याला जवळ घेतलं तर म्हणाला, "हळू, दुखतं."

२६ जुलै, शनिवार

आमच्या शिवाजी नगरातच एक डॉक्टरीण बसते, मुलांची. हिंदी बोलते, तोंडाची फटकळ. उघडायच्या आधी आम्ही दारात. मी रात्रभर काय काय विचार केले ते लिहिणार नाही. जे आठवायचं नाही असं ठरवलं होतं ते सगळं आठवून झालं, एवढंच.

तिने दोन्ही बाजू तपासल्या, बगला बघितल्या, गळा बघितला, कुठली गोळी-औषध घेतो का ते विचारलं. "दुबला हो रहा है कि लंबा हो रहा है?" म्हणून पट्टीला उभं केलं. मग मला म्हणाली, "मम्मी बाहर बैठेंगी."

मी का बाहेर? पोर माझं, रात्र मी काढली, आणि ही मला बाहेर घालवते. बसले बाहेर. समोर तक्ते लावले होते. मुलींची लस, मुलींचा अशक्तपणा, मुलींची पाळी. मुलांचा एकही नाही. उठून सांगावंसं वाटलं, पण त्या दारापासून हलायचं नव्हतं.

आतून आधी फक्त तिचा आवाज. मग परागचं काहीतरी विचारणं. मग, देवाशपथ, हसणं. दोघांचं.

आत बोलावलं. म्हणाली, "ये गाँठ वो गाँठ नहीं है. इस उम्र में आधे लड़कों को होती है. कोई बताता नहीं, इसलिए हर एक समझता है कि सिर्फ़ मुझे हुई."

मग समजावून सांगितलं. या वयात अंगातली रसायनं एकदम वर-खाली होतात. मुलांच्या अंगातही थोडं बायकांचं रसायन असतंच. त्याचं पारडं काही दिवस जड झालं की छातीखाली अशी दुखरी चकती येते, एका बाजूला किंवा दोन्ही. वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते. चोळायचं नाही, दाबून बघत बसायचं नाही. फार वाढली किंवा स्राव आला तर दाखवायला यायचं. आवाज फुटला तो गळ्यातली पेटी मोठी होते म्हणून, आणि त्यावर मिठाच्या गुळण्यांचा काहीही उपयोग नाही.

"नमक बचाइए," ती मला म्हणाली.

मी विचारलं, "मल्लखांब?"

"दर्द सहन हो तो करे. नुकसान कुछ नहीं होगा."

मला तिच्यावर चिडायचं होतं, की एवढं सोपं होतं तर शाळेत, पुस्तकात, तक्त्यावर, कुठेच का नाही? पण चिडता आलं नाही.  परागने दंड धरून उठवलं.

रस्त्यात म्हणाला, "तू कुणाला सांगायचं नाहीस. काकांना तर नाहीच. काकूला त्याहून नाही."

"नाही सांगणार."

"वंदना आंटीला पण नाही."

"बरं."

"डायरीत पण नको लिहू."

ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२७ जुलै, रविवार

दुपारी पोळ्या लाटत होते. पराग ओट्याशी येऊन उभा राहिला.

"बाबांना नक्की काय झालं होतं?"

भाजी घे, असं यावेळी म्हणाले नाही. गॅस बंद केला.

"घशाचा कॅन्सर. खर्रा खाऊन झाला. आवाज बसला तो गाठीने बसला. आम्हाला माहीत होतं, तुला सांगितलं नव्हतं."

"घसा बसलाय म्हणाला होतात."

"हो."

"दोघंही."

"हो, दोघंही."

"मला वाटायचं, घसा बसला की माणूस जातो." तो कणकेच्या गोळ्यात बोट खुपसत होता. "वर्गात कुणी खोकलं तरी वाटायचं."

पुढे त्याने बरंच विचारलं. गाठ कुठे होती, किती मोठी, कापून का नाही काढली, शेवटी दुखत होतं का. जे माहीत होतं ते सांगितलं. दुखत होतं, हेही सांगितलं. मला वाटलं होतं तो रडेल. तो पोळ्या भाजायला लागला. दोन करपवल्या.

मी मात्र न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. तीन वर्षं झाली, तरी हा माणूस मला पोळी-भाजी करताना गाठतो. सणावारी नाही. अगदी पीठ हाताला असताना.

बाहेर आले तर पराग म्हणतो, "आणि ते रात्रीचं पण डॉक्टरनी सांगितलं, त्यामुळे तू परत सुरू नको करू. प्लीज."

बरं झालं. ते वाक्य मला काही केल्या जुळत नव्हतंच.

३० जुलै, बुधवार

गुपित सांभाळणं हा माझा स्वभाव नाही. पोटात फुगा फुगतो.

भावजींचा फोन. "वहिनी, पराग सरांकडे जात नाही म्हणे. काही व्यसन वगैरे?"

"नाही."

"मग?"

"मिरची गरम पडली," मी म्हणाले. मागे मंजूषा हसताना ऐकू आली, तेवढ्यात फोन ठेवला.

वंदना रोज विचारते, "लड़की का पता चला?" मी म्हणते, "हाँ, चला." ती खूश आहे.

मग सुधाकर सर. त्यांना काहीतरी सांगणं भागच होतं. पराग कालपासून म्हणतोय, जाईन, पण उघडा नाही होणार. तिथे सगळी पोरं उघडी. लंगोट किंवा आखूड चड्डी, वर काही नाही.

"सर, पराग येईल. बनियन घालून करेल."

"बनियन? ताई, अंगाला खांब लागला पाहिजे. कापडाला पकड येत नाही. घसरेल तो."

"घसरू दे."

"पण कारण काय?"

"कारण मी सांगणार नाही."

"अहो, पण निवडीला..."

"सर, इतके दिवस तो यावा म्हणून तुम्ही वाट बघत होता. आता येतोय. त्याने कोट घालून यायचं म्हटलं तरी मी पाठवीन."

सर म्हणाले, "पाठवा." मग जरा हळू आवाजात, "हे वयच तसं असतं, ताई. आम्हालाही कुणी काही सांगितलं नव्हतं."

मग तुम्ही पोरांना का सांगत नाही, असं ओठावर आलं होतं. गिळलं. एका आठवड्यात एवढं गिळायची सवय नाही मला. पण हे विसरणार नाही. ती निवड एकदा होऊ दे, डॉक्टरणीला घेऊन मीच जाते त्या आखाड्यात.

२ ऑगस्ट, शनिवार

गेला.

पिशवीत नवं घट्ट बनियन ठेवलं होतं, मीच. दारात तीनदा उघडून बघितलं त्याने. खांदे तसेच पुढे. "येऊ का सोबत?" विचारलं तर असं बघितलं की मी चप्पल काढून ठेवली.

तो जाऊन येईपर्यंत मी तांदूळ निवडले. निवडलेलेच पुन्हा निवडले. केतकीची आई काहीतरी मागायला आली, काय ते आठवत नाही, नाही म्हणून सांगितलं.

आला तेव्हा काळोख पडायला आला होता. "भूक लागलीये," एवढंच म्हणाला. सुरुवात म्हशीसारखी, शेवट कोंबड्यासारखा. आज उलटं.

"कसं झालं?"

"ठीक."

"दुखलं?"

"हां."

"कुणी काही म्हणालं?"

"एक जण म्हणाला." घास गिळून म्हणाला, "मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात आधे लड़कों को होता है, तुझं पण दाखव. मग गप्प बसला. नंतर बाहेर येऊन मला विचारत होता, दबाने से दुखता है क्या."

"मग?"

"मग काय? सांगितलं, दाबत बसू नको." तो हात धुवायला उठला. "आई, आता बस ना. सवाल पे सवाल."

तो झोपल्यावर पिशवी उघडायची नाही असं मी ठरवलं होतं. उघडली. बनियन होतं तसंच होतं, माझी घडी मोडलेली नव्हती. चड्डी चिकट. आणि तो घालून आला त्या शर्टाला आतून, बरोबर छातीवर, एरंडेलाचा हाताएवढा डाग.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी पाणी आल्यावर कोमट पाण्यात सोडा टाकला, चड्डी आणि शर्ट भिजत घातले, आणि अंगणातल्या पायरीवर बसून चहा घेतला. घासायची घाई केली नाही.